रेघोट्यांतून चेहरा: स्क्रिबल पद्धतीचं डिजिटल पोर्ट्रेट

पंचवटीकरीण

इथे टाकलेल्या आत्याच्या स्क्रिबल पोर्ट्रेटवर बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. "ब्रश कुठला वापरलास?" हा जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न, आणि खरं सांगायचं तर तोच सगळ्यात बिनमहत्त्वाचा. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा धागाच काढते.

ज्यांनी चित्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी: आत्या ऐंशीच्या पुढची, नऊवारी, जाड काड्यांचा चष्मा, कानात मोत्यांच्या कुड्या. फोटो तिच्या पंचवटीतल्या घरी खिडकीपाशी बसवून फोनवर काढलेला. फ्लॅश बंद, उजेड एकाच बाजूने. ट्यूबलाइटखाली समोरून काढलेल्या फोटोत चेहरा पापडासारखा सपाट येतो, मग रेघोट्यांना धरायला सावलीच उरत नाही. तेव्हा फोटो निवडायला वेळ घ्या. तिथे घाई केली तर पुढचं सगळं मुसळ केरात.

बाह्यरेषा काढून तिच्या आत रेघोट्या भरल्या की स्क्रिबल झालं, असा अनेकांचा समज दिसतो. बाह्यरेषा यात नसतेच. हात वेडावाकडा फिरतो, वेटोळी एकमेकांवर चढतात, पण कुठे किती दाट हे आधीच ठरलेलं असतं. रेघ मोकळी, गडदपणा मोजलेला. एवढं एक कळलं की बाकीची हमालीच आहे.

मी क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. पेन टॅब्लेट साधा, पडदा नसलेला. कॅनव्हास ए-फोर, ३०० पीपीआय (दर इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. फोटो आधी कृष्णधवल करायचा आणि मग पोस्टराइज फिल्टर लावून त्यात चार-पाचच छटा उरवायच्या. पहिल्यांदा बघताना दचकायला होतं. आपल्याला उजळ वाटत असलेल्या गालाचा अर्धा भाग मधल्या करड्यात गेलेला असतो, आणि डोळ्यातलं पांढरं तर बहुतेक वेळा पांढरं नसतंच. ही प्रत म्हणजे नकाशा. ती खालच्या लेयरवर (थरावर) ठेवून ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, २०-२५ टक्क्यांवर आणायची आणि वरच्या कोऱ्या लेयरवर काम सुरू करायचं. मूळ फोटो शेजारी वेगळा उघडा ठेवा, कारण नकाशात नाकपुडीचा आकार वगैरे पार बोथट होतो.

आता तो ब्रश. साधा गोल, कडक कडेचा, ३-४ पिक्सेलचा, रंग पूर्ण काळा, ओपॅसिटी १००. पेनच्या दाबाने जाडी थोडी कमीजास्त झाली तर चालेल, पण दाबाने ओपॅसिटी बदलणारा ब्रश नको. अर्धपारदर्शक रेघा एकमेकींवर चढल्या की आपोआप गडद होत जातात आणि बघता बघता गालावर करडा चिखल होतो. पूर्ण काळ्या रेघेत छटा येते ती मधे उरलेल्या पांढऱ्या भोकांमुळे. भोकं मोठी असली की भाग उजळ दिसतो, बारीक झाली की गडद. सगळं लक्ष त्या भोकांवर ठेवायचं.

स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची रेघ आपोआप गुळगुळीत करणारी सोय, बंद करा. क्रिटात फ्रीहँड ब्रशच्या टूल ऑप्शन्समध्ये ब्रश स्मूदिंग असतं, ते 'नन'वर. आयपॅडवर प्रोक्रिएट वापरणाऱ्यांनी त्यातली स्ट्रीमलाइन शून्यावर आणावी. या सोयी सुबक अक्षरांसाठी ठीक आहेत. इथे त्या हाताचा थरकाप धुऊन टाकतात आणि प्रत्येक वेटोळं तारेच्या स्प्रिंगसारखं गुळगुळीत निघतं.

सुरुवात सगळ्यात गडद जागांपासून. मानेखालची सावली, कानामागची खाच, डोळ्यांच्या खोबणी, चष्म्याच्या काडीची गालावर पडलेली सावली. पेन न उचलता तिथे घोळ घालायचा, मग तीच रेघ सैल होत होत मधल्या छटेत जाऊ द्यायची. खोबणीतून निघालेली रेघ गालावरून थेट गळ्यापर्यंत गेली तर जाऊ द्या. अशा पाच-सहा भटक्या रेघांनीच चेहरा एकसंध होतो, नाहीतर डोळे, नाक, ओठ असे सुटे भाग चिकटवल्यागत दिसतात.

वेटोळ्यांची दिशा हाडांप्रमाणे. कपाळावर आडवी, डोक्याच्या गोलाईबरोबर वळणारी. नाकाच्या दांड्यावर उभी. गालावर वरून हनुवटीकडे उतरती. सुरकुतीसाठी वेगळी रेघ मारू नका, चेहरा तडकल्यासारखा दिसतो. घडीच्या एका अंगाला वेटोळी दाट आणि दुसऱ्या अंगाला एकदम विरळ केली की सुरकुती आपोआप दिसते. उजेडाकडच्या गालाची कड तर मी काढलीच नाही. मागच्या भिंतीवर सैल रेघोट्या मारत आणल्या आणि गालापाशी थांबले.

कुड्यांबद्दल खूप जणांनी विचारलं. त्यात मोती असा एकही काढलेला नाही. कानाची पाळी मधल्या करड्यात घेतली आणि मोत्यांच्या जागा कोऱ्या सोडल्या. प्रत्येक मोत्याच्या खालच्या अंगाला एकच बारीक वळण, आणि दोन मोत्यांमधल्या फटीत ठार काळं. त्या काळ्यामुळे मोती चमकतात. पाळी वजनाने लोंबलेली आहे आणि कुडीचं भोक उभं ओघळलंय, तिथे मात्र ब्रश २ पिक्सेलचा केला.

झूम ५० टक्क्यांच्या वर नेऊ नका. जवळून बघितलं की हात सगळी भोकं सारख्याच मापाने बुजवत सुटतो. क्रिटात विंडो मेनूतून त्याच चित्राची दुसरी खिडकी उघडता येते. ती लहान करून कोपऱ्यात ठेवा. मी काम मोठ्या खिडकीत करते, निर्णय छोटीकडे बघून घेते.

आणि अंडू (काढलेली रेघ मागे घ्यायची सोय) वापरू नका. नको असलेल्या जागी पांढऱ्या रंगाने रेघोट्या मारून उजेड परत आणता येतो. कागदावर बॉलपेनने हे जमलं नसतं, तेव्हा डिजिटलचा एवढा फायदा जरूर घ्या. अंडूची सवय लागली की हात बुजतो, आणि निवडून निवडून ठेवलेल्या रेघा लगेच ओळखू येतात.

---

मखमलाबादचा_मन्या

वाखूसा (वाचनखूण साठवली). ताई, टॅब्लेट घ्यायची ऐपत नाही सध्या. फोनवर इबिस पेंट हे चित्रं काढायचं अॅप आहे, बोटाने जमेल का?

पंचवटीकरीण

@मन्या, जमेल. या पद्धतीत दाबाची फारशी गरज नसते, त्यामुळे साधा रबरी टोकाचा स्टायलससुद्धा चालतो. बोटाची अडचण एकच: जिथे काढतोयस तीच जागा बोटाखाली झाकली जाते. डोळ्यांपुरता तरी स्टायलस घे. कॅनव्हास मोठा घेतल्यावर फोन अडखळायला लागला तर लेयर कमी कर. नकाशाचा एक आणि रेघोट्यांचा एक, दोन पुरतात. फक्त स्टॅबिलायझर शून्यावर आहे ना ते बघ.

अंबडचा_सीएनसीवाला

चित्र सुंदर आहे, वाद नाही. पण एक प्रामाणिक शंका. हेच काम सॉफ्टवेअर दोन मिनिटांत करतं. फोटो द्या, गडद जागी जास्त ठिपके आणि उजळ जागी कमी ठिपके टाकले जातात, मग सगळे ठिपके एका अखंड रेघेने जोडायचे. फिरत्या विक्रेत्याचं गणित म्हणून प्रसिद्ध आहे ते: सगळ्या गावांना एकदाच भेट देऊन परत यायचं, रस्ता सगळ्यात कमी. गाव म्हणजे ठिपका, रस्ता म्हणजे रेघ. त्यात गंमत अशी की खरोखर सगळ्यात छोटा रस्ता सापडला तर तो स्वतःला कुठेही छेदत नाही. मी अशी एक फाइल आमच्या सीएनसी (संगणकाच्या हुकमाने कोरणाऱ्या) मशिनवर अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर कोरली होती, लोक बघत उभे राहायचे. मग हाताने तासन्‌तास कशाला?

पंचवटीकरीण

शंका रास्त आहे. गणिताची ती रेघ मलाही आवडते. पण सॉफ्टवेअरला आत्याचा कान आणि मागची भिंत यातला फरक कळत नाही. दोन्हीकडे करडा तेवढाच असेल तर दोन्हीकडे रेघोट्या तेवढ्याच आणि तशाच. मी भिंत जवळजवळ सोडून दिली आणि कानावर जीव काढला, कारण बघणाऱ्याने कानाकडे बघावं असं मला वाटत होतं. शिवाय रेघेची दिशा. कपाळाची गोलाई फोटोच्या करड्यात जेवढी दिसते त्याहून जास्त वेटोळ्यांच्या वळणात दाखवता येते.

अंबडचा_सीएनसीवाला

दिशा धरून रेघ टाकणारे प्रोग्रॅमही आहेत. पण "कुठे सोडून द्यायचं" हा मुद्दा मान्य. तरीही माझी रेघ स्वतःला छेदत नाही, तुमची छेदते, हे इथे नोंदवून ठेवतो. :)

चित्रकलेचा_मास्तर

चर्चा उत्तम. शाळेत चित्रकला शिकवण्यात हयात गेली, म्हणून दोन शब्द.

एका रेघेत चेहरा हे संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे. क्लॉद मेलाँ नावाच्या फ्रेंच उत्कीर्णकाने १६४९ साली ख्रिस्ताचा चेहरा एकाच रेघेत कोरला. नाकाच्या शेंड्यापासून सुरू झालेली रेघ गोल गोल फिरत कडेपर्यंत जाते, कुठेही तुटत नाही आणि स्वतःला छेदतही नाही. सीएनसीवाले, तुम्ही खूश व्हाल. छटा आणली आहे ती फक्त रेघेची जाडी कमीजास्त करून. म्हणजे पंचवटीकरीण रेघेची जाडी जवळपास तीच ठेवून दाटी बदलते, मेलाँने अंतर जवळपास तेच ठेवून जाडी बदलली. नेटवर चित्र सहज सापडेल. मोठं करून बघा, नाकापाशी डोळा लावून.

आता कान पिळतो. मुलं थेट रेघोट्यांवर उडी मारतात आणि डोकं बांधतच नाहीत. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, कपाळाच्या खाली लगेच नव्हे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा देऊन आलेली पोरंसुद्धा डोळे वर चढवतात आणि वरची कवटी कापतात. फोटोवरून गिरवताना हे झाकलं जातं, समोर माणूस बसवला की उघडं पडतं. फोटो खाली ठेवून काढायला माझी हरकत नाही, पण महिन्यातून एखादं चित्र नकाशाशिवाय काढा.

दुसरं असं की, चेहऱ्याला हात लावण्याआधी पाच चौकटी आखा आणि त्याच ब्रशने पहिली अगदी विरळ, शेवटची जवळजवळ काळी अशा भरा. डोळे बारीक करून बघा. दुसरी आणि तिसरी सारखीच दिसत असेल तर चेहऱ्यातही गाल आणि जबडा एक होणार. हे कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने करा. तिथे अंडू नाही, त्यामुळे पंचवटीकरणीचा शेवटचा नियम आपोआप पाळला जातो.

पंचवटीकरीण

सर, चौकटींचा मुद्दा नुसता लिहायला हवा होता असं नाही, तो पहिलाच यायला हवा होता. क्रिटाच्या एका कोपऱ्यात तशी पट्टी काढून ठेवली की चित्र काढतानाही नजर टाकता येते.

जेलरोडची_स्वरा

मी ऑर्डरी घेते, वाढदिवस, लग्न, बारसं वगैरे. दोन अडचणी आहेत. एक, बाळाचा चेहरा स्क्रिबलमध्ये मळकट दिसतो. दोन, गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "जरा उजळ करा ना." सावळ्या माणसाचं चित्र असलं की तर विचारूच नका.

पंचवटीकरीण

बाळासाठी बहुतेक चेहरा कोराच सोडायचा. केस, पापण्या, नाकपुड्या, ओठांमधली फट, हनुवटीखालची सावली, बास. गालावर वेटोळी टाकायचीच असतील तर दोन-चारच, मोठी आणि विरळ. आकार द्यायचं काम दुपट्याकडून आणि मागच्या भागाकडून करून घे. तिथे हवा तेवढा घोळ घाल.

उजळ करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, करू नये. आणि ते नुसतं तत्त्वापोटी नाही. सावळ्या त्वचेवर कपाळ, गालफड, नाकाचा शेंडा इथे उजेड जास्त ठळक उठतो. आजूबाजूला दाट वेटोळी आणि मधे एक लहानशी कोरी जागा, एवढ्यात चेहरा जिवंत होतो. सगळंच विरळ केलंस तर ती चमक जाते आणि माणूस ओळखू येत नाही. गिऱ्हाइकाला दोन छोटे नमुने करून दाखव, वाद घालू नकोस. ओळख पटते तोच नमुना घरचे उचलतात असा माझा अनुभव.

चित्रकलेचा_मास्तर

बाळाच्या बाबतीत मी असहमत. प्रत्येक विषयाला प्रत्येक पद्धत लावायलाच हवी असं कुठे आहे? बाळ सौम्य पेन्सिलीत करा. रेघोट्या म्हाताऱ्यांना, दाढीवाल्यांना आणि राकट लोकांना द्या. गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात एक चक्कर मारली तर वर्षभर पुरतील एवढे चेहरे मिळतील. मात्र फोटो काढण्याआधी त्या माणसाला विचारा. भाजी घ्या, दोन शब्द बोला, मग विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, आणि नाही म्हणाले तर नाही.

सातपूरकर_९

२७ फेब्रुवारीला आमच्या सोसायटीत मराठी भाषा गौरव दिन असतो. तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं पोर्ट्रेट या पद्धतीने करायचं डोक्यात आहे. पांढरे केस आणि चष्मा कसा सांभाळायचा? आणि नेटवरचा फोटो घेतला तर चालतो का?

पंचवटीकरीण

पांढऱ्या केसांसाठी पार्श्वभूमी गडद घ्यावी लागेल, दुसरा इलाज नाही. पांढऱ्या कागदावर पांढरे केस हवेत विरतात. डोक्यामागे दाट वेटोळी आणून केसांपाशी थांब, आणि काही रेघा बाहेरून केसांत शिरू दे म्हणजे टोपी घातल्यासारखं दिसणार नाही. चष्म्याची फ्रेम अखंड काढू नकोस. उजेडाच्या बाजूला ती तुटली पाहिजे. भिंगाच्या आतली गालाची कड बाहेरच्या कडेशी जुळत नाही, थोडी सरकलेली दिसते. ती सरकवली की भिंग आहे हे लगेच कळतं. आत्याच्या चित्रात मी तेवढंच केलंय, काचेवरची चमक वगैरे काही नाही.

फोटोचं म्हणशील तर आपल्याकडे छायाचित्राचा हक्क आता फोटोग्राफर हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं असतो. तात्यासाहेब १९९९ मध्ये गेले, म्हणजे उतारवयातले त्यांचे प्रसिद्ध फोटो अजून मुदतीत असणार. सोसायटीच्या भिंतीसाठी कुणी अंगावर येणार नाही, पण जसाच्या तसा एक फोटो उतरवण्यापेक्षा तीन-चार फोटो बघून, उजेड आपल्या मनाने ठरवून काढ. चित्रही तुझं होईल. छापून विकायचं असेल तर मात्र फोटोग्राफरची परवानगी घे.

छापखाना_आणि_मी

माझा धंदा छपाईचा, म्हणून राहवत नाही. ही असली चित्रं लोक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि "ए-थ्री काढून द्या" म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, बारीक रेघांच्या कडेला धूळ बसल्यासारखी दिसते. पेन ड्राइव्हवर टिफ किंवा पीएनजी आणा. निदान डॉक्युमेंट म्हणून तरी पाठवा.

ए-थ्री हवं असेल तर कॅनव्हासच सुरुवातीला ३५०८ बाय ४९६१ घ्या, ए-फोरचं नंतर ताणू नका. धागाकर्तीची ३ पिक्सेलची रेघ ३०० पीपीआयला साधारण पाव मिलिमीटर होते, ती छान उमटते. १ पिक्सेलच्या रेघा मात्र तुटतात.

ऑफसेटवर छापायचं असेल तर महत्त्वाचं: फाइल ग्रेस्केल (रंग काढून नुसती काळी-करडी) करून द्या. नाहीतर काळा रंग चार शाईंनी मिळून बनतो, प्लेट केसभर सरकली तरी प्रत्येक रेघेला निळी-लाल किनार येते, आणि अशा हजारो रेघा म्हटल्यावर चेहरा चित्रविचित्र दिसतो. अर्धपारदर्शक ब्रश नको असं वर म्हटलंय त्याला माझाही दुजोरा, वेगळ्या कारणाने. करड्या रेघा छापताना ठिपक्यांत फुटतात, ठार काळी रेघ अखंड राहते. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर काळ्या भागात खोलीतला दिवा दिसतो.

मखमलाबादचा_मन्या

आजोबांचं केलं, फोनवरच. डकवतोय. केसांवर आणि फेट्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. नाक काहीतरी बिघडलंय पण काय ते समजत नाही.

चित्रकलेचा_मास्तर

मन्या, फेटा झकास. घड्यांमध्ये वेटोळी वळवली आहेस ती बरोबर कापडाच्या पिळाबरोबर. नाकाचं सांगतो. दोन्ही नाकपुड्या तू एकसारख्या काळ्या केल्यास. उजेड डावीकडून आहे, म्हणजे डावी नाकपुडी उजवीइतकी गडद असूच शकत नाही. तिच्यात पांढऱ्या रेघेने दोन-तीन भोकं परत आण. नाकाच्या उजव्या अंगाला दांड्यापासून ओठापर्यंत सावलीचा एक त्रिकोण आहे फोटोत, तो तू गाळलास, म्हणून नाक गालाला चिकटलंय. तिथे उभी वेटोळी दे, आणि ती मिशीत जाऊ दे, मिशीपाशी थांबवू नकोस.

पंचवटीकरीण

+१. आणि फेट्याचा तुरा कॅनव्हासच्या कडेला चिकटलाय. वर जागा वाढव, नाहीतर फ्रेम करताना पहिला तोच कापला जाईल.